दुपारची कॅप्सूल

१४ मार्च

"आम्हा तिघांतल्या एकाला औषधाऐवजी पीठ द्यायचं ठरलं, तर तू कोणाला देशील, पोरी?" असं आज आ-त्यू मावशींनी विचारलं. मी म्हटलं, "ते संगणक ठरवतो, मावशी. मलाही कळत नाही, आमच्या मोठ्या डॉक्टर येननाही कळत नाही." हे काही उत्तर नव्हे. संगणक काय करतो हे त्यांनी विचारलंच नव्हतं.

हौ घराण्यातली ही तीन भावंडं. समुद्राकाठी कालवं फोडणाऱ्यांच्या वस्तीत राहतात. आ-त्यू मावशी सत्तावन्न वर्षांच्या, लग्न केलं नाही. त्यांच्या पाठचे चिन-तिंगकाका, त्यांची मुलगी ताइचुंगला शिकते. धाकटे स्वी-बोककाका. मावशी भावांना आ-तिंग, आ-बोक म्हणतात. तिघांनाही वडिलांचाच आजार आहे. लहान मेंदू हळूहळू झिजत जातो. आधी चालताना तोल जातो, मग हात ऐकत नाहीत, मग जीभ जड होते. गावात त्याला 'न पिता झिंगणं' म्हणतात. वडील जिवंत असताना लोक त्यांना दुकानात बाटली दाखवून हसायचे, असं तिंगकाकांनी सांगितलं आणि स्वतःही हसले.

आमच्या नव्या औषधाच्या चाचणीत एक नियम आहे: एका घरातला एकच. घरात दोघे असले तर औषधाची सरमिसळ होते, असं प्रशिक्षणात सांगितलं होतं. माझ्या वहीत ते अधोरेखित केलेलं आहे.

पण भावंडांची घरनोंदीची पुस्तकं तीन आहेत. मावशींचं इथलं, तिंगकाकांचं चुलतभावाच्या पत्त्यावर, स्वी-बोककाकांचं ताइनानचं, पूर्वी ते तिथे कारखान्यात होते म्हणून. इथे निम्म्या गावाची नोंद एकीकडे आणि संसार दुसरीकडे असतो. मी तीन पुस्तकं पाहिली आणि तीन पत्ते लिहून घेतले. दाराशी तिघांच्या चपला एकाच फळीवर होत्या. मी माझ्याही तिथेच काढल्या.

आता आमचे तेवीस झाले. महिनाअखेरीला चोवीस हवेत, नाहीतर आमचं केंद्रच रद्द होणार. मग आधीच्या वीसजणांनाही औषध मिळणार नाही. हे मी स्वतःला बसमध्ये तीनदा सांगितलं.

३ एप्रिल

चोविसावा माणूस महिनाअखेरीच्या आत मिळाला, केंद्र वाचलं. आज बाटल्या दिल्या. मावशींना क्रमांक २१, तिंगकाकांना २२, स्वी-बोककाकांना २३. प्रत्येकीत नव्वद कॅप्सूल, सहा आठवड्यांच्या. सकाळी एक, रात्री एक. चौऱ्याऐंशी घ्यायच्या आणि उरलेल्या परत आणायच्या.

मी समजावून सांगितलं की काही बाटल्यांत औषध आहे, काहींत नुसतं पीठ, आणि बाहेरून सगळ्या सारख्याच. आईच्या दुकानात मुळ्याच्या वड्या असतात तशा. वाळलेली कोळंबी घातलेली कोणती आणि साधी कोणती, ते खाल्ल्याशिवाय कळत नाही.

"मग खाल्ल्यावर कळेल ना?" तिंगकाका म्हणाले.

"नाही. हीच तर गंमत आहे."

"गंमत तुला. मला पीठ आलं तर सरळ सांग, निदान तळून तरी खातो."

मावशींनी त्यांच्या पाठीत धपाटा घातला. मग मला विचारलं, "पीठ कितीजणांना?"

"निम्म्यांना."

"म्हणजे तिघांत दीड," त्या म्हणाल्या आणि बराच वेळ बाटल्यांकडे बघत राहिल्या. मला वाटलं, किती मन लावून समजून घेतात! संमतिपत्र इतकं नीट कोणी ऐकत नाही. डॉक्टर येनना मी हे मुद्दाम सांगितलं.

१५ मे

पहिली तपासणी. बाकीच्यांच्या बाटल्यांत कुठे तीन उरलेल्या, कुठे चौदा, एकाची तर बाटलीच हरवली. हौ भावंडांच्या तिन्ही बाटल्यांत सहा-सहा. अगदी नेमक्या.

"आमच्या घरात दाणा वाया जात नाही," मावशी म्हणाल्या.

डॉक्टरांनी बैठकीत माझं नाव घेतलं. "हान-यूकडून शिका. रुग्ण असे तयार करायचे असतात." मी आईला फोन केला. तिने बाजारात सगळ्यांना सांगितलं असणार, कारण संध्याकाळी मासेवाल्या काकूंनी मला विचारलं, "डोक्याचं औषध तूच शोधलंस म्हणे?" मी म्हटलं, मी फक्त मोजते. त्या म्हणाल्या, "मोजणाराच खरा मालक."

मला फार बरं वाटलं. हे लिहून ठेवते, कारण घरात शिकलेली मी पहिलीच, आणि बरं वाटण्याचे दिवस थोडेच येतात.

२६ जून

तिंगकाका आठ पावलं सरळ रेषेत चालले. मार्चमध्ये तिसऱ्या पावलाला भिंत धरायचे. नाकाला बोट लावून माझ्या बोटाला लावायचं, तेही पहिल्यापेक्षा बरं. स्वी-बोककाकांचं बोलणं आता मला एकदाच ऐकून कळतं.

मावशी मात्र खचल्या आहेत. उभ्या राहताना दोन्ही हातांनी टेबल धरलं. डाव्या तळहाताला सात टाके आहेत, कालवं फोडताना सुरी निसटली. मी ते अहवालात नोंदवलं.

"दुखतंय का?"

"हात माझा, सुरी माझी. कोणावर रागावू?" मग लगेच, "अगं, आ-तिंग परवा एकटा तराफ्यावर चढला! चार वर्षांनी! पाहिजे तर शेजाऱ्यांना विचार."

उघड आहे, त्यांच्या बाटलीत पीठ आहे. मला असा अंदाज करण्याची परवानगी नाही, तरी केला. वाईट वाटलं. आणि खरं लिहायचं तर आनंदही झाला, कारण भावांमध्ये आणि त्यांच्यात एवढा फरक असेल तर औषध काम करतंय. एका बाईच्या हातावरचे टाके बघून मला आनंद झाला. हे वाक्य खोडणार नाही.

९ जुलै

आज त्यांच्या वडिलांची तिथी. मावशींनी दुपारी जेवायला बोलावलं. जायला नको होतं, सहभागींच्या घरी जेवू नये असा नियमच आहे. पण नाही म्हटलं तर त्या दुखावतील असं वाटलं. कालवांचं धिरडं, आल्यातला मासा, नैवेद्याचा भात. सोया सॉस घ्यायला मी फळीकडे हात नेला. शेजारी दूध पावडरीचा डबा होता, झाकण उघडं. आत आमच्या कॅप्सूल. मूठभर नव्हेत, अर्धा डबा भरून.

"हे काय?"

"औषध," मावशी म्हणाल्या. "तुझंच."

"तिघांचं? एकत्र?"

"मग? भात तिघांचा वेगळा शिजवते का मी?"

तिंगकाका म्हणाले, "तूच म्हणालीस ना, कोणाला खरं, कोणाला पीठ. मग एकाने बरं व्हायचं आणि दुसऱ्याने त्याच्या तोंडाकडे बघायचं? आक्काने पहिल्याच दिवशी सगळं मिसळलं. आता ज्याला त्याला थोडं थोडं."

"सोडत सगळ्यांनी..." स्वी-बोककाकांचं वाक्य पुरं व्हायला वेळ लागतो. सगळे घास हातात धरून थांबतात. "...मिळून काढली की कोणी हरत नाही."

"चूल वेगळी झाली नाही," मावशी म्हणाल्या, "तर औषध कसं वेगळं होईल? बाबा असते तर त्यांनीही हेच केलं असतं." आणि त्यांनी वडिलांच्या तसबिरीकडे मान वळवली, जणू त्यांची मंजुरी कधीच मिळालेली होती.

त्यांच्यापैकी कोणीही लपवत नव्हतं. मी काय बोलले? मी म्हटलं, "कालवं छान झालीत."

जेवण झाल्यावर दोघा भावांनी हात पुढे केले. मावशींनी डब्यातून एकेक कॅप्सूल त्यांच्या तळहातावर ठेवली, झाकण घट्ट लावलं आणि डबा वर ठेवून दिला. लहानपणी आई मला आणि दादाला खडीसाखर द्यायची, तसं. मग मला पिशवीभर सुकवलेली कालवं बांधून दिली. मी ती घेतली.

१० जुलै

सांगितलं तर तिघेही बाहेर जातील. तिंगकाका पुन्हा भिंत धरतील. सांगितलं नाही, तर तिघांचे आकडे खोटे ठरतील आणि त्या आकड्यांवर कोणीतरी डॉक्टर औषधाबद्दल मत बनवेल. बरं असलेलं औषध टाकाऊ ठरेल, किंवा टाकाऊ औषध चांगलं. कुठल्यातरी गावातलं चौथं, पाचवं, शंभरावं माणूस ते गिळेल.

आणि त्यांना आत कोणी घेतलं, हेही सांगावं लागेल.

हे तिसरं कारण मी शेवटी लिहिलं, पण सकाळी उठल्यावर तेच पहिलं आठवलं.

१४ जुलै

बाबांना विचारलं. नावं न घेता, गोल गोल. ते दिवसभर फरशा बसवून आले होते, गुडघ्यांना मलम चोळत होते. सगळं ऐकून घेतलं.

"तुझं शिक्षण किती झालं?"

"माहीत आहे तुम्हाला, बाबा."

"मग मला काय विचारतेस? मला विचारायचं होतं तर एवढी फी भरायची गरज नव्हती." आणि मलमाची डबी माझ्याकडे दिली. "पाठीला लाव. हात पोचत नाही."

२ ऑगस्ट

काही नाही. जेवणाचा डबा उघडलाच नाही, तसाच घरी आणला. आईला सांगितलं, काम फार होतं.

७ ऑगस्ट

तिसरी तपासणी. सहा, सहा, सहा. मी ओठ हलवत मोजल्या, कोणी बघत असेल म्हणून. मग तीन नव्या बाटल्या काढल्या, तिघांच्या सह्या घेतल्या आणि बाटल्या दिल्या. सगळं माहीत असताना, माझ्या हाताने.

मावशी आता चाकांच्या खुर्चीत आल्या होत्या. खुर्ची तिंगकाका ढकलत होते. दारातून निघताना त्या मला म्हणाल्या, "तू वाळलीस गं. जेवत जा."

९ ऑगस्ट

रक्ताचे अहवाल आले. स्वी-बोककाकांच्या यकृताचे आकडे चौपट वाढलेत. तिंगकाकांचेही दुपटीच्या पुढे आहेत. मावशींचे अगदी साफ.

डॉक्टर येन चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ कागद बघत होते. "सकाळी एक, रात्री एक, एवढ्या मात्रेत इतकं होणार नाही. पूर्वीच्या चाचण्यांत कोणालाच झालेलं नाही. तेवीसचं औषध आजच थांबवा. कारण शोधू." मग इतिवृत्त माझ्याकडे सरकवलं. "लिही: कारण अज्ञात."

मी लिहिलं. कारण अज्ञात. माझं अक्षर चांगलं आहे.

सकाळी एक, रात्री एक. मग तिथीच्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर मावशींनी भावांच्या हातावर काय ठेवलं होतं?

स्वच्छतागृहात जाऊन पंजावर बोटं मोजली, शाळेतल्या मुलासारखी. तिघांच्या मिळून दिवसाला सहा. दोघे भाऊ सकाळी, दुपारी, रात्री. तीन दुणे सहा. बरोबर जमतं. म्हणूनच बाटल्यांत नेहमी सहा-सहा उरत होत्या.

मावशींच्या वाट्याला काहीच उरत नाही. पहिल्या दिवसापासून नाही. आणि मी दीड महिना म्हणतेय की मावशींना पीठ आलंय! ती एक कॅप्सूल मी डोळ्यांनी पाहिली, वहीत लिहिली, खडीसाखरेची उपमासुद्धा दिली.

लगेच फोन केला. तिंगकाकांनी उचलला. "डब्यातलं कोणीच काही घेऊ नका. तिघांनीही. आजपासून."

"का? काय झालं?"

"उद्या येऊन सांगते. शपथ आहे, काका, घेऊ नका."

१० ऑगस्ट

पहिल्या बसने गेले. मावशी अंगणात शिंपल्यांच्या ढिगाशेजारी बसल्या होत्या, हात मांडीवर रिकामे. भाऊ दोन्ही बाजूंना. मी उभ्या उभ्याच सांगितलं. स्वी-बोककाकांच्या यकृताला त्रास झालाय, औषध बंद केल्यावर बहुतेक उतरेल, पण पुन्हा पुन्हा रक्त तपासावं लागेल. तिघांनाही चाचणीतून बाहेर पडावं लागेल.

"तिघांना का?" तिंगकाका म्हणाले. "यकृत याचं बिघडलं. माझंही थोडं, ठीक आहे. आक्काचं तर साफ आहे म्हणतेस. तिला तरी ठेवा!"

मी मावशींकडे बघितलं. त्या शिंपल्यांकडे बघत होत्या.

"मावशी, दुपारची कोणाची होती?"

मावशींनी टाक्यांचा हात दुसऱ्या हाताखाली घेतला.

"कसली कोणाची?" तिंगकाका म्हणाले. "दिवसाला तीनच ना? आक्का म्हणाली, डॉक्टरांनी वाढवली. आक्का, तू दुपारची मागाहून घेतेस ना? म्हणालीस ना तसं?"

"मला काय करायचंय?" मावशी म्हणाल्या. आवाज नेहमीचाच, भाजीचा भाव सांगावा तसा. "माझ्यामागे कोण आहे? तुझी पोरगी अजून शिकतेय. हा अजून पन्नाशीचाही नाही."

तिंगकाका उठले. मला वाटलं, मावशींवर ओरडतील. ते माझ्यासमोर आले. उभं राहताना तोल सावरायला माझाच खांदा धरावा लागला, आणि तसं धरूनच बोलले.

"शिकलेली पोरगी! कागद वाचता येतो, माणूस वाचता येत नाही? दर खेपेला तिचे हात धरून बघत होतीस. काय बघत होतीस?"

"आ-तिंग, सोड तिला," मावशी म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, आणि हे मी शब्दन् शब्द लिहून ठेवते: "तिघांना घ्यायचं नसतं हे तुझ्याच कागदात होतं. आ-बोकने तेव्हाच वाचून दाखवलं होतं मला. तू घर बघितलंस, चूल बघितलीस, तरी तिघांची नावं लिहिलीस. मला वाटलं, ही आपली आहे. हिने डोळा मिटला, म्हणजे आपण मिसळलं तरी हिची हरकत नसणार. तिथीला डबा बघूनही तू जेवलीस. मग तर माझी खात्रीच पटली."

त्या मला दोष देत नव्हत्या. नुसतं सांगत होत्या. तिंगकाकांचा हात अजून माझ्या खांद्यावर होता. त्यांनी रागाने घट्ट धरलं असतं तर बरं झालं असतं, पण तो हात थरथरत होता, त्यांच्या आजाराने.

स्वी-बोककाकांनी बसल्या जागेवरून बहिणीचा टाक्यांचा हात ओढून घेतला आणि त्यावर कपाळ टेकवलं. काहीतरी बोलले. मला कळलं नाही. मावशींना कळलं. त्या म्हणाल्या, "गप रे, वेड्या."

डबा आणि नव्या बाटल्या घेऊन परत आले. बसमध्ये डबा मांडीवर होता. आज मी स्वतःला काही सांगितलं नाही.

११ ऑगस्ट

रात्रभर झोप नव्हती, पण त्याचं काही कौतुक नाही.

दहा वाजता डॉक्टर येनच्या खोलीत सगळं सांगितलं: पत्ते, डबा, दुपारची कॅप्सूल, महिनाभराचं गप्प बसणं. ते ओरडले नाहीत. दार लावून घेतलं आणि मला चहा ओतला. त्यामुळे जास्तच लाज वाटली.

"किती वर्षांची तू? पंचवीस?" ते म्हणाले. "ऐक. औषध बंद केलंस, ते महत्त्वाचं होतं, ते झालं. आता पुढचं. यांच्यामुळे बाकीच्या एकवीसजणांच्या आकड्यांवर संशय येईल. त्यांनी काय पाप केलंय? तेवीसला आपण यकृताच्या कारणाने बाहेर काढू. बावीसलाही. एकवीसला प्रवास झेपत नाही, खुर्चीत आहेत त्या, हे खरंच आहे. यात खोटं एक अक्षर नाही. तिघे सुरक्षित, चाचणी सुरक्षित. आणि तुझं आयुष्य अजून सुरूसुद्धा झालेलं नाही, हान-यू. तुझ्या आईवडिलांचा विचार कर."

ते वाईट माणूस नाहीत. या आजारावर त्यांनी एकोणीस वर्षं घालवली आहेत. त्यांच्या बोलण्यात प्रत्येक वाक्य खरं होतं, आणि सगळी मिळून मला अपुरी वाटली. मी मान खाली घालून ऐकत होते. त्यांना वाटलं, मला पटतंय.

"मग दोन-तीन दिवस घे," ते म्हणाले. "नीट विचार कर आणि ये."

"डॉक्टर," मी म्हटलं, "मी विचारायला आले नव्हते. दुसऱ्या कोणाकडून कळू नये म्हणून सांगायला आले होते."

चाचण्यांवर नजर ठेवणाऱ्या नीतिसमितीची खिडकी आठ वाजता उघडते. आज सकाळी, डॉक्टरांकडे जायच्या आधीच, मी पावणेआठपासून बाहेर उभी होते. अहवाल चार पानांचा आहे. त्यात सहभागींची नावं नाहीत, क्रमांकच आहेत, तसा नियम आहे. 'सहभागींकडून झालेला नियमभंग' या रकान्यात मी 'नाही' लिहिलं. त्याखालच्या 'कर्मचाऱ्यांकडून झालेला नियमभंग' या रकान्यात माझं नाव, संपूर्ण. खिडकीतल्या बाईंनी पानं चाळली, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि शिक्का मारून पोच दिली. पोचेवर आठ वाजून चार मिनिटं ही वेळ आहे.